नळीतच ओकायचं असतं, म्हणे

दाजी, चूक माझी होती. तुमची नव्हती, त्या पाणबुड्या अण्णाची नव्हती, समुद्राची तर नव्हतीच. होडीत अण्णा जे सांगत होता त्यातलं एक वाक्य मी तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. तुम्ही विचारलंत, "काय म्हणला तो?" मी म्हणालो, "काय नाय, मजा करा म्हणतोय."

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. ही गोष्ट सांगायला मला तुमच्या हयातीत चार वर्षं मिळाली होती. दर दिवाळीला, दर आखाजीला, तुम्ही शहरात डोळे दाखवायला आलात तेव्हा रिक्षात, तुमच्या गावी, पिशोरला, ओट्यावर. प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो.

त्या सहलीची सुरुवातच माझ्या ओकारीनं झाली होती. तुमचं घर, माझं घर, एक भाड्याची जीप. संभाजीनगरहून निघून कोल्हापूर मागं टाकलं आणि गगनबावड्याचा घाट उतरताना माझ्या पोटात ढवळायला लागलं. गाडी थांबवा म्हणेपर्यंत उशीर झाला. मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि जीपचं मागचं दार रंगलं. तुम्ही खाली उतरलात, पाण्याचं कॅन घेतलंत आणि ड्रायव्हरला हात लावू न देता ते दार स्वतः धुतलंत. धुता धुता तोंड चालूच.

"दिलीपराव, वाळूजच्या कंपनीनं पोटाला बी एसी बसवलाय का? जरा वाकडी वाट आली की समदं बाहेर."

अक्का म्हणाली, "गप ऱ्हावा ना. आजारी हाय तो."

"आजारी कशाचा? दिवस गेलेत त्याला. डोहाळे इचार."

सगळ्यात जास्त माझी बायको हसली. तिथून मालवणपर्यंत प्रत्येक वळणाला तुम्ही मागं वळून बघायचात आणि म्हणायचात, "पिशवी तयार ठेवा, दिलीपराव." ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशी पानं वाढायला लागल्या तर तुम्ही म्हणालात, "आमच्या मेव्हण्याला ताट नका देऊ, थैली द्या." मीही हसलो. दाजीनं मेव्हण्याची चेष्टा करायची हा तुमचा हक्कच होता आणि इतकी वर्षं मी तो मानत आलो होतो. पण त्या दिवशी ती कुठंतरी लागली. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. आणि दोन बायांसमोर, ड्रायव्हरसमोर, त्या मावशींसमोर मी नाजूक पोटाचा ठरलो होतो.

तुमची गोष्ट वेगळी होती. गावात तुम्हाला पाणकावळा म्हणायचे. कुणाच्या विहिरीत दोर तुटून मोटार पडली, हंडा बुडाला, पाइपाच्या तळाची जाळीची झडप, जिला आपल्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात, ती गाळानं बसली, की रंगनाथला बोलवा. तुम्ही सदरा काढून कडुनिंबाच्या फांदीला अडकवायचात, एक श्वास भरायचात आणि खाली जायचात. वर यायला इतका वेळ लावायचात की बघणाऱ्याचा जीव जावा. कुणाकडून चहाशिवाय काही घेतलं नाही.

मलाही पोहायला तुम्हीच शिकवलंत. मी अकरा वर्षांचा. अक्काच्या लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा. औरंगपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाणी म्हणजे नळ आला की भरायच्या बादल्या, एवढंच मला ठाऊक. तुम्ही माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलात आणि विहिरीत ढकलून दिलंत. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला आणि मी पाण्यातच थुंकलो. तुम्ही ओरडला नाहीत. दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत नेलंत आणि म्हणालात, "वर जा. लिंबाखाली थुंक आन् ये."

"इतक्या पायऱ्या?"

"इतक्या पायऱ्या. हे पाणी माणसं पितात, म्हसरं पितात. आपल्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात जाऊ द्यायचं नाय, दिल्या."

त्या दिवशी मी नऊ वेळा वर जाऊन थुंकून आलो. मांड्या दुखून रात्री झोप लागेना. पण त्या सुट्टीत मी पोहायला शिकलो आणि पाण्यात पुन्हा कधी थुंकलो नाही. म्हणजे बघा, तुम्ही मला जे शिकवलं होतं ते माझ्या अंगात मुरलेलं होतं. तुम्ही त्या खोल पाण्यात काय कराल, हे जगात कुणाला आधी कळायला हवं होतं तर ते मला.

मालवणात दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी घावणे आणि नारळाचा रस दिला. तुम्ही पाच खाल्लेत. "समुद्रात जायचं तर पोट भरून जावं," म्हणालात, जसं काही नांगराला जायचं होतं. मग होडी, पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली मासे दाखवायला नेतात ती. तुम्ही उभ्या आयुष्यात कधी होडीत बसला नव्हतात. विहिरीचं पाणी स्थिर असतं, हे तुमच्या तोवर ध्यानातच आलं नसेल. होडी किनाऱ्यापासून थोडी लांब जाऊन थांबली आणि जागच्या जागी डुलायला लागली. डिझेलचा वास येत होता. तुमची बडबड हळूहळू कमी झाली. वरच्या ओठावर घाम आला. खिशातलं लिंबू काढून तुम्ही नुसतंच हुंगत बसलात.

मी ते बघितलं, दाजी. आज सगळंच सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगतो. मला ते बघून बरं वाटलं. मनात आलं, हे आता इथंच होडीच्या काठावरून ओकले, तर फिट्टंफाट.

अण्णा आपल्या दोघांच्या समोर उकिडवा बसला होता. चाळिशीचा, उन्हानं काळा झालेला, बोलायला शांत. अक्का आणि माझी बायको मागं इंजिनाजवळ बसल्या होत्या. इंजिन बंद नव्हतं, आणि तुमचे कान आयुष्यभर डिझेल पंपाशेजारी उभं राहून थोडे जड झालेले. त्यामुळं अण्णा सांगायचा आणि मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगायचो. श्वास तोंडानं घ्यायचा. श्वास धरून ठेवायचा नाही, घेत राहायचं, सोडत राहायचं. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "उलटंच हाय की. आपल्याकडं धरायचा असतो." कान दुखला तर नाक दाबून हवा ढकलायची. बरं असेल तर बोट आणि अंगठा जोडून गोल दाखवायचा. नुसता अंगठा वर केला तर त्याचा अर्थ, मला वर न्या.

"म्हंजी अंगठेबहाद्दर आधी वर," तुम्ही म्हणालात. तो तुमचा त्या सकाळचा शेवटचा विनोद.

मग अण्णानं तोंडात धरायची ती रबरी मूठ हातात घेतली, जिला आपण दोघं नळीच म्हणत होतो. म्हणाला, "आणि एक. उलटी आली तर घाबरायचं नाही. ही तोंडातून काढायची नाही. हातानं अशी दाबून धरायची आणि हिच्यातच ओकायचं. इथून बाजूनं सगळं बाहेर जातं. मग हे मधलं बटन दाबायचं, हवा सुटते, साफ होतं. मग पहिला श्वास हळू घ्यायचा. साफ नाहीच झाली तर ही दुसरी पिवळी आहे, ती मी देईन. पण काढू नका. ओकून झाल्यावर माणूस आपोआप जोरात श्वास ओढतो. नळी तोंडात नसेल तर तो पाण्याचा ओढाल."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं त्यानं. मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

मी तुमच्याकडं वळलो. 'ओकायचं' हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि तुम्ही त्यावर काय बोलाल ते मला आधीच ऐकू आलं. "ते तुझ्यासाठी सांगतोय तो, दिलीपराव!" मग मागं वळून मोठ्यानं, "अगं ऐकलं का, तुझ्या भावासाठी नळीची खास सोय हाय!" मग त्या दोघींचं हसणं. मला तो शब्द पुन्हा होडीत नको होता. तेवढ्यासाठी मी ते वाक्य गाळलं.

कंपनीत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुरक्षेच्या सूचना वाचतात. आमच्या लाईनवर त्या मी वाचतो. एखाद्या नव्या सुपरवायझरनं घाईत एखादी ओळ सोडली तर मी त्याला सगळ्यांसमोर थांबवतो आणि पहिल्यापासून वाचायला लावतो. सोडलेल्या ओळीनंच बोट जातं, असं मी त्याला सांगतो. त्या सहलीनंतरही मी हे सांगत आलोय, आणि दर वेळी सांगताना मान खाली घालून कागदाकडं बघतो.

पाण्याखालचं तुम्हाला किती आठवत होतं, मला माहीत नाही. मला सगळं आठवतं. आपण फार खोल नव्हतो, आपल्या विहिरीला उन्हाळ्यात जेवढं पाणी असतं तेवढंच. अण्णानं तुम्हाला पाठीमागून धरलं होतं, मला त्याच्या साथीदारानं. पिवळ्या पट्ट्यांचे मासे तुमच्या काचेपुढून गेले आणि तुम्ही हात पुढं केलात. सुरुवातीला तुम्हाला खरंच आनंद झाला होता, मी बघितलं. मग तुमचे खांदे एकदम आखडले. पोट आत गेलं. तुम्ही एक हात तोंडावर धरलात, आणि मला क्षणभर वाटलं, कळलं यांना, नळी धरतायत. तुम्ही ती धरलीत आणि काढलीत. काढून बाजूला, अंगापासून लांब केलीत, जशी जेवताना खोकला आला की आपण पंगतीपासून मान वळवतो तशी मान वळवलीत आणि ओकलात.

मग अण्णा म्हणाला होता तेच झालं. छाती वर आली आणि तुम्ही पाणी ओढलंत.

अण्णानं पिवळी नळी तुमच्या तोंडाशी नेली. तुम्ही ओठ गच्च मिटून घेतले. त्यानं पुन्हा लावली, तुम्ही पुन्हा मान फिरवलीत. शेवटी त्यानं जबरदस्तीनं ती तुमच्या दातांत बसवली, बटन दाबून धरलं आणि तुम्हाला घेऊन वर निघाला. मी खालून बघत होतो. मी ओरडायचा प्रयत्न केला. नळीत नुसता बुडबुड आवाज झाला.

होडीवर तुम्ही निळे पडला होतात. किनाऱ्यावर आणलं, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी गेलंय, दोन दिवस ठेवू, पण धोका टळला. अक्का बाकावर बसून पदराचं टोक पिळत होती. तेवढ्यात अण्णा आला, तसाच ओल्या कपड्यांनी. चेहरा उतरलेला. पोटापाण्याचा धंदा, माणूस मेला असता तर तो कुठला राहत होता?

"साहेब, मी सांगितलं होतं ना, नळी काढू नका म्हणून? तुम्ही त्यांना सांगितलंत ना?"

अक्का माझ्याकडं बघत होती. माझी बायको बघत होती.

"सांगितलं की," मी म्हणालो. "घाबरले ते."

अण्णानं सुस्कारा टाकला. "घाबरतात माणसं. आमच्याकडं रोज दोघं-तिघं ओकतात हो, त्यात काही नाही. मासे जमतात खायला, त्यांची दिवाळी होते. नळ्या आम्ही औषधाच्या पाण्यात धुतो."

तुमच्याबद्दल 'घाबरले' हा शब्द पहिल्यांदा जगात आला तो त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, माझ्या तोंडून. त्याच्या आधी पिशोरला असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुमचा आवाज परत आला. अक्का चहा आणायला खाली गेली होती. तुम्ही खुणेनं मला जवळ बोलावलंत.

"दिल्या, खाली ओकारी आली तर काय करायचं असतं रं?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. दार बंद होतं, आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "नळीतच ओकायचं असतं, म्हणे."

म्हणे. जणू मला ते आत्ताच कुणीतरी सांगितलं. जणू मीही तुमच्याइतकाच अडाणी होतो. हा केवढासा शब्द आहे, दाजी, आणि त्याच्या आड चार वर्षं लपता येतं.

तुम्ही उशी सरकवून जरा वर बसलात. मग म्हणालात, "मग त्यानं आधी सांगाया पायजे होतं."

तुम्ही अण्णावर ठपका ठेवलात आणि मी तो ठेवू दिला. ज्यानं तुम्हाला वर आणलं त्याच्यावर.

पण तुम्ही लगेच पुढं म्हणालात, "सांगितलं असतं तरी म्या नसतो ओकलो त्यात."

"का?"

"आरं, माझ्यानंतर कोणी बी ती तोंडात घालणार. बाया, लेकरं. त्यात कसं ओकायचं? उष्टं खाऊ घालायचं नाय म्हणतो आपण, आन् हे तर ओकलेलं."

"धुतात ते. औषधाच्या पाण्यात."

"धुतात म्हणून काय झालं? आपल्याला तर म्हाईत असतं ना."

"आणि पिवळी का घेतली नाही?"

"त्याची होती ती. माझं तोंड तसलं घाण, आन् त्याची नळी घेऊ?" मग तुम्ही हसलात, हसताना खोकला आला. "पाण्यात ओकलो, तेवढं पाप झालंच. पण समुद्र मोठा हाय, घालंल पोटात."

मरता मरता वाचलेला माणूस मला हे सांगत होता. मला रडायला आलं आणि तुम्हाला वाटलं, मी तुमच्या काळजीनं रडतोय. तुम्ही माझा हात थोपटलात.

हा आपला वाद नंतर कितीदा झाला! मी म्हणायचो, जीव महत्त्वाचा की नळी? तुम्ही म्हणायचात, आपल्या जिवासाठी दुसऱ्याला कशाला घाण खायला लावायची. मी म्हणायचो, असं असेल तर मग जिथं पोट ढवळायला लागलं तिथंच, होडीतच सांगायचं, आज नाही उतरत म्हणून. त्यावर मात्र तुम्ही विषय बदलायचात. एकदा म्हणालात, "तुला इतकं हसलो होतो ना घाटात. मग कोणत्या तोंडानं सांगू, मला बी मळमळतंय?" म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच त्या एका शब्दाला भिऊन बसला होतात, आपण दोघं एका फळीवर, खांद्याला खांदा लावून. पण तुम्ही तुमचं सांगून टाकलंत. मी माझं नाही सांगितलं.

मला अजून वाटतं, मी ते वाक्य सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं. निदान विचारलं असतं, धुतात का रं? अण्णा म्हणाला असता, धुतो. कदाचित तुम्ही होडीतच बसून राहिला असतात. कदाचित तुम्ही म्हणता तसं काहीच बदललं नसतं. हा वाद आता मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी घालावा लागतोय.

पिशोरला आपण पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. मी पसरवली असं नाही म्हणता येणार, पण कुणी विचारलं की मी ती सांगायचो, आणि चांगली सांगायचो. घाटातली माझी ओकारी हळूहळू त्या गोष्टीतून गळून गेली. तुमच्या पुतणीच्या लग्नात, पंगत उठल्यावर, मी खुर्चीवर बसून हातवारे करत सांगत होतो, "आन् दाजींनी घाबरून नळीच काढून फेकली!" सगळे खदखदून हसले. तुम्ही पुढच्याच रांगेत होतात. मागं वळून तुम्हीही हसलात. मग पुन्हा पुढं वळलात आणि हातातल्या सुपारीकडं बघत बसलात. तुमची मान मागून मला दिसत होती. मी तरीही गोष्ट पूर्ण केली.

त्यानंतर विहिरीत उतरायला तुम्हाला कुणी बोलवेना. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही. "कशाला त्यांना, आधीच घाबरलेत एकदा," असं कुणीतरी काळजीनंच म्हणालं असेल. शेजारच्या मळ्यातला फुटबॉल बसला तेव्हा कन्नडहून माणूस आणला. तुम्ही बांधावर उभं राहून बघत होतात. अक्का मला फोनवर म्हणाली, "आता वय झालं, बरंच झालं." मी म्हणालो, "व्हय, बरंच झालं."

तुम्ही स्वतःची बाजू कधी मांडली नाहीत. उष्ट्याचं कारण फक्त मला सांगितलंत. मी ते कुणाला सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, "मग नळीचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं का?" म्हणून मी तेही सांगितलं नाही. तुमच्या नावाला जो एक शब्द चिकटला होता तो काढायची किल्ली माझ्याकडं होती आणि मी ती खिशात घेऊन फिरत होतो.

गेल्या वर्षी भुईमूग काढायला आलो होतो ते आठवतं? आपण दोघं मळ्यात बसून वेलाच्या शेंगा तोडत होतो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "तो अण्णा त्या दिवशी लई वेळ बोलला होता रं. आन् तू मला दोन शब्दांतच सांगितलंस."

माझे हात थांबले. तुमचे चालूच होते.

"तिकडचे लोक बोलतातच जास्त," मी म्हणालो.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "आसंल." आणि ओंजळभर ओल्या शेंगा माझ्या पुढ्यात टाकल्यात. "खा. ह्या नळीतून नाय आल्या."

तुम्हाला कळलं होतं का, दाजी? त्या शेंगा खाल्ल्या तेव्हापासून मी हे मनात विचारतोय. तुम्ही मला जागा करून दिली होती का, की आता तरी बोल? की ते नुसतंच एक बोलणं होतं? तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर मला ते कळलं असतं. तुम्ही शेंगा दिल्यात.

तुम्ही गेलात ते छातीत कळ येऊन, घरी, भर दुपारी. दाखल्यासाठी दवाखान्यात गेलो तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, चार वर्षांपूर्वी छातीत पाणी गेलं होतं, त्याचा काही संबंध? ते म्हणाले, अजिबात नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची इतकी लाज वाटली की मी दवाखान्याच्या मागं जाऊन उभा राहिलो.

तेराव्याला तुमच्या दारात पत्र्याखाली शंभरेक माणसं बसली होती. स्वयंपाक व्हायचा होता. लोक तुमच्याबद्दल बोलत होते, कोणाचा हंडा काढला, कोणाची मोटार काढली. कुणाच्या बुडालेल्या लेकराला तुम्ही वर काढून उलटं धरलं होतं आणि ते आज ट्रॅक्टर चालवतं. मी एका खांबाला टेकून ऐकत होतो. मग तुमचे चुलतभाऊ नामदेवतात्या हसत हसत म्हणाले, "इहिरीत वाघ व्हता आमचा रंगनाथ. पर समुद्रानं मांजर केलं बाबा त्याचं! काय रं दिलीप, तू तर व्हतास ना? सांग की, कशी नळी फेकली ते."

लोक हसले. वाईट नाही, मायेनंच हसले. उंबऱ्यात अक्का बसली होती. तीही जरा हसली, डोळे पुसत म्हणाली, "व्हय, तिथं तेवढे घाबरले."

तिचा जन्म गेला तुमच्यासोबत. आणि तुमच्याबद्दलची ही एक खोटी गोष्ट ती माझ्या भरवशावर खरी मानून उरलेला जन्म काढणार होती.

मी खांब सोडून पुढं गेलो. म्हणालो, "तात्या, ते घाबरले नव्हते."

"जाऊ दे की रं. गंमत केली म्या. पानं मांडा रं पोरांनो."

"गंमत नाय, तात्या. मला बोलू द्या."

"आता जेवायच्या टायमाला काय..."

"बोलू द्या त्याला, भावजी," अक्का म्हणाली.

मग मी बोललो. उभं राहून बोललो, आणि माझ्या तोंडात आपलीच बोली आली, जी शहरात मी दाबून ठेवतो. जे बोललो ते इथं तसंच लिहितो, कारण दाजी, तुम्ही ते ऐकायला नव्हतात.

"अक्का, दाजी घाबरले नव्हते. त्यांनी नळी काढली, कारण त्यांच्यानंतर ती दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडात जाणार व्हती. दुसऱ्याला उष्टं नको म्हणून त्यांनी सोताचा जीव टांगणीला लावला. हे त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं व्हतं, आन् म्या ते दाबून ठिवलं. नळीतच ओकायचं असतं, हे त्या अण्णानं आधीच सांगितलं व्हतं. ते दाजींना सांगायचं काम माझं व्हतं. म्या नाय सांगितलं. घाटात तुम्ही मला हसला व्हता, पुन्हा हसताल म्हणून नाय सांगितलं. आन् त्यो अण्णा इचाराया आला तवा तुझ्यासमोर खोटं बोललो, की घाबरले. त्या माणसाची बी काय चूक नव्हती. पुढं चार वर्षं हीच गोष्ट सांगून तुम्हा सगळ्यांना हसवलं, दाजींच्या देखत. ते जित्ते व्हते तवा मला माफी मागता आली नाय. आज त्यांच्या दारात, तुम्हा सगळ्यांसमोर मागतो. दाजी, माझं चुकलं. मला माफ करा."